दिसत नाही ती सूज

प्रश्न : मी साकीनाक्याला राहते, वय ५२. चकाल्याला एका गाळ्यात शिवणकाम करते. आठ वर्षांपासून शुगर आहे. गेल्या चार महिन्यांपासून डावा खांदा दुखतो. आधी फक्त रात्री ठणकायचा, आता हातच वर जात नाही. मेट्रोत वरची कडी धरता येत नाही, पाठीमागचा हुक लावता येत नाही, डाव्या कुशीवर झोपता येत नाही. डॉक्टरांनी केसपेपरवर ‘पीए शोल्डर’ लिहिलं, तोंडानं ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणाले आणि ‘आत सूज आहे’ असं सांगितलं. पण खांदा कुठेही सुजलेला नाही, हात लावला तर गरमही लागत नाही. एक्स-रे नॉर्मल आहे, रक्ताच्या तपासणीतही सूज दिसत नाही. मग ही सूज आहे तरी कुठे? आणि असलीच तर दहा दिवसांच्या गोळ्यांनी ती गेली का नाही? शेजारच्या मावशी म्हणतात, एसीच्या वाऱ्यानं खांदा गोठलाय, तेल लावून जोर देऊन मोकळा करून घे. काय खरं मानायचं?

उत्तर : ताई, तुमचा गोंधळ अगदी रास्त आहे, आणि त्याचा बराचसा दोष ‘सूज’ या शब्दाकडे जातो. घोटा मुरगळला की तो फुगतो, दाढ ठणकली की गाल वर येतो. मराठीत आपण त्या फुगण्याला सूज म्हणतो. डॉक्टरांना मात्र सूज म्हणताना फुगणं अभिप्रेत नसतं, त्यांना दाह म्हणायचं असतं. इजा झाली किंवा काही बिघडलं की शरीर तिथं जास्तीचं रक्त पाठवतं, संरक्षक पेशी पाठवतं, रसायनं सोडतं आणि दुरुस्तीला लागतं. या सगळ्या धावपळीचं नाव दाह. फुगणं हा तिचा फक्त एक परिणाम आहे, आणि तो बाहेरून दिसेलच असं नाही.

रोममध्ये पहिल्या शतकात सेल्सस नावाच्या लेखकानं दाहाच्या चार खुणा लिहून ठेवल्या : लाली, फुगणं, ऊब आणि वेदना. पुढे त्यांत पाचवी जोडली गेली, ती म्हणजे तो अवयव कामाला न येणं. तुमच्या खांद्यात या पाचही आहेत. फक्त पहिल्या तीन आत दडल्या आहेत, कारण खांद्याचा सांधा जाड स्नायूंच्या खाली खोल बसलेला असतो. सुरुवातीच्या काळात ज्यांच्या सांध्यात दुर्बीण घालून पाहिलं जातं, त्यांचं आतलं अस्तर लालबुंद आणि नव्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यानं भरलेलं दिसतं. उरलेल्या दोन खुणा, म्हणजे वेदना आणि हात न चालणं, तुम्ही पत्रात स्वतःच लिहिल्या आहेत.

रिपोर्टचंही असंच. ईएसआर किंवा सीआरपीसारख्या रक्ततपासण्या अख्ख्या शरीरात दाह पसरला असेल तर तो पकडतात. एका सांध्याच्या अस्तरात धुमसणारा दाह रक्तात उमटेल इतका मोठा नसतो. आणि एक्स-रे दाखवतो हाडं. तुमचा आजार हाडात नाही, हाडांभोवतीच्या मऊ आवरणात आहे. मग एक्स-रे काढला कशाला? तर सांधा झिजलेला नाही, कॅल्शियमचा खडा साचलेला नाही, हाडाला काही झालेलं नाही, एवढी खात्री करून घ्यायला. ‘नॉर्मल’ म्हणजे तुम्हाला काही झालेलं नाही असं नव्हे. घरची माणसं नॉर्मल रिपोर्ट पाहून ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणतात आणि बाईमाणूस ते ऐकून महिनोन्‌महिने दुखणं अंगावर काढते. मला या आजारात सर्वांत जास्त खटकतं ते हेच.

आता आवरणाकडे येऊ, आणि इथं तुमचं शिवणकाम आपल्या उपयोगी पडेल. खांद्याचा सांधा म्हणजे एक गोल गोळा आणि त्याच्यापुढे अगदी उथळ वाटी. या दोघांभोवती एक पिशवी असते, तिला सांध्याची संपुटिका किंवा कॅप्सूल म्हणतात. शरीरातला सर्वांत जास्त फिरणारा सांधा हा, म्हणून ही पिशवी सैल असते, आणि काखेच्या बाजूला तर तिला जादा घडी असते. सदऱ्याच्या काखेत हात वर जावा म्हणून जादा कापडाचा तुकडा जोडतात, तशीच. हात वर नेला की ती घडी उलगडते. ब्लाउजचा मुंढा घट्ट झाला तर काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. हात वर न्यायला गेलं की सगळा ब्लाउजच वर ओढला जातो. फ्रोझन शोल्डरमध्ये आतल्या पिशवीचा मुंढा आटतो. म्हणून तुम्ही हात वर करताना अख्खा खांदा कानाकडे उचलला जातो. आरशासमोर उभ्या राहून पाहा.

पिशवी आटते का, याचं उत्तर दाहात आहे. आधी सांध्याच्या अस्तरात दाह पेटतो. पेशी इंटरल्युकिन, टीएनएफ अशी निरोप पोचवणारी रसायनं सोडतात. नव्या रक्तवाहिन्या फुटतात, त्यांच्यासोबत वेदना वाहणारे नवे मज्जातंतूही येतात. हा काळ दुखण्याचा. अजून पिशवी फारशी आटलेली नसते, पण रात्र नकोशी होते. त्या कुशीवर वळलं की दाब येतो हे तर आहेच, शिवाय शरीराचं स्वतःचं दाह आवरणारं संप्रेरक, कॉर्टिसॉल, मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असतं. दिवसा कामाच्या नादात जे सहन होतं ते रात्री दोन वाजता उठवून बसवतं.

दाह हा दुरुस्तीचा पहिला टप्पा असतो, त्यामुळे त्याच्यामागून दुरुस्ती करणाऱ्या पेशी येतात. त्यांना फायब्रोब्लास्ट म्हणतात. बोट कापलं की व्रण भरून आणतात त्या याच. रफू करावा तसे त्या कोलॅजन नावाचे चिवट धागे विणतात. बोटावर हे काम वेळेवर थांबतं. खांद्यात मात्र थांबण्याचा इशारा नीट पोचत नाही. जिथं फाटलंच नव्हतं तिथं रफूवर रफू होत राहतो. त्यांतल्या काही पेशी तर रूप बदलून स्वतः आकुंचन पावतात आणि विणलेलं कापड ओढून धरतात. पिशवी जाड होते, काखेतली घडी नाहीशी होते. सांध्याच्या पुढच्या-वरच्या कोपऱ्यातला बंध सर्वांत जास्त आखडतो, म्हणून हात बाहेरच्या बाजूला वळणं सगळ्यात जास्त अडतं.

याची घरी एक सोपी पारख आहे. दोन्ही कोपरं कमरेला चिकटवा, हात पुढे धरा आणि कपाटाची दोन दारं उघडावीत तसे बाहेर उघडा. डावं दार अर्ध्यातच अडतं का पाहा. मग कुणाला तरी ते हळूच उघडून द्यायला सांगा. दुसऱ्यानं उघडलं तरीही ते तिथंच अडत असेल तर अडथळा पिशवीत आहे. खांद्याची शीर फाटलेल्या माणसाला स्वतःहून हात उचलता येत नाही, पण दुसऱ्यानं उचलला तर बहुधा जातो. डॉक्टर हात धरून वळवून पाहतात ते एवढ्याचसाठी.

आता गोळ्यांचा प्रश्न सुटतो. दुखणं दाहाचं आहे, पण आखडणं व्रणाचं आहे. आग विझवायला पाणी लागतं, पण आगीत आकसलेला कपडा पाण्यानं परत सरळ होत नाही. दुखण्यावरच्या गोळ्या दाहातल्या काही रसायनांना अडवतात, म्हणून ठणका थोडा उतरतो. विणून झालेले धागे मात्र गोळीनं उसवत नाहीत. दहा दिवसांत खांदा मोकळा होईल ही अपेक्षाच चुकीची होती. गोळी कुचकामी होती असा याचा अर्थ नाही. त्या गोळ्या मनानं पुढे चालू ठेवू नका, इतकंच. मधुमेहात मूत्रपिंडावर त्यांचा भार पडू शकतो.

केसपेपरवरचं ‘पीए’ म्हणजे पेरिआर्थ्रायटिस, सांध्याच्या भोवतालचा दाह. ही संज्ञा फ्रान्समधल्या ड्युप्ले यांनी १८७२ साली वापरली, आणि आपल्याकडच्या ओपीडींत ती अजून टिकून आहे. ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली रूढ केलं. १९४५ साली नेव्हिएझर या डॉक्टरांनी प्रत्यक्ष ती पिशवी जाड झालेली, दाहानं भरलेली पाहिली. त्यांना ती हाडाला चिकटपट्टीसारखी चिकटलेली वाटली, म्हणून त्यांनी चिकटण्यावरून नाव दिलं. दुर्बिणीचा जमाना आल्यावर दिसलं की चिकटण्यापेक्षा आकसणं हाच खरा प्रकार आहे. म्हणजे तिन्ही नावं एकाच आजाराची आहेत. दोन डॉक्टरांनी दोन वेगळी नावं सांगितली तरी घाबरू नका.

मावशींच्या एसीचं मूळही या नावातच आहे. ‘फ्रोझन’चं ‘गोठला’ झालं, आणि गोठला म्हटल्यावर गारवा शोधणं ओघानंच आलं. गार वाऱ्यानं मानेचे, पाठीचे स्नायू आखडल्यासारखे होतील, पण पिशवीत दाह पेटत नाही आणि कोलॅजनही विणलं जात नाही. आपल्या घरांत पूर्वापार ‘खांदा आखडला’ म्हणतात. तोच शब्द मला जास्त नेमका वाटतो. सुश्रुतसंहितेत वातव्याधींमध्ये ‘अवबाहुक’ सांगितला आहे. खांद्याच्या जागी राहिलेला वायू तिथल्या सिरा आकुंचित करतो, असं त्याचं वर्णन आहे. कारणाची भाषा वेगळी, पण आकुंचन तिथंही टिपलेलं आहे. जपानी लोक तर याला सरळ ‘पन्नाशीचा खांदा’ म्हणतात, कारण चाळीस ते साठ या वयात तो जास्त गाठतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना अधिक.

तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे : ‘आठ वर्षांपासून शुगर आहे.’ सर्वसाधारण माणसांत शंभरांतल्या दोन ते पाच जणांना हा आजार होतो असं धरतात. मधुमेहींत तोच आकडा दहा ते वीसपर्यंत जातो. कारण उघड आहे. रक्तातली जादा साखर कोलॅजनच्या धाग्यांना जाऊन चिकटते आणि शेजारशेजारच्या धाग्यांना एकमेकांशी जखडते. असे धागे ताठ होतात आणि शरीराला ते सहज मोडून नवे घालता येत नाहीत. वर, चिकटलेल्या साखरेची ही संयुगं स्वतःच दाहाला खतपाणी घालतात. म्हणजे मधुमेहात आग लवकर पेटते, आणि व्रणही जास्त चिवट बनतो. अशांचा खांदा सुटायला वेळ अधिक लागतो तो यामुळे.

एक करून पाहा. दोन्ही हात जोडून नमस्कार करा. तळवे आणि बोटं पूर्ण जुळतात का? बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात काहींच्या बोटांच्या सांध्यांमध्ये फट राहते, कारण हातातलं कोलॅजनही तसंच ताठरलेलं असतं. डॉक्टर ही खूण मुद्दाम पाहतात. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनं देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही असल्याचं सांगितलं. म्हणजे आखडलेले खांदे आपल्याकडे किती असतील याचा अदमास येतो. ज्यांचा खांदा कारणाशिवाय आखडला आहे आणि ज्यांनी साखर कधीच तपासलेली नाही, त्यांनी ती आणि थायरॉइड जरूर तपासून घ्यावं. तुम्ही तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी या निमित्तानं करून घ्या.

हा आजार साधारण तीन टप्प्यांतून जातो. पहिला दुखत दुखत आखडण्याचा, दोन ते नऊ महिन्यांचा. दुसऱ्यात दाह निवतो, ठणका कमी होतो, पण खांदा घट्ट राहतो, तो चार महिने ते वर्षभर. तिसरा हळूहळू सुटण्याचा, त्याला पाच महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कितीही लागू शकतात. तुम्ही बहुधा पहिल्याच्या उत्तरार्धात आहात, कारण रात्रीचा ठणका अजून आहे. टप्पा ओळखणं फार मोलाचं आहे, कारण उपाय त्यावर ठरतो.

दाह पेटलेला असताना दाहावरच नेम धरायचा. सांध्यात दिलेलं स्टेरॉइडचं एखादं इंजेक्शन या काळात वेदना चांगली उतरवतं, आणि वेदना उतरली की हात हलवणं जमतं. ‘स्टेरॉइड’ म्हटलं की लोक बिचकतात. वर्षानुवर्षं पोटात घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांचे त्रास वेगळे आणि एका सांध्यात दिलेली एक मात्रा वेगळी. मात्र तुमच्यासाठी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते. म्हणून ऑर्थोपेडिक डॉक्टरांना मधुमेहाचं आधी सांगा, आणि त्या दिवसांत घरच्या ग्लुकोमीटरवर साखर पाहत राहा. दाह निवून नुसती ताठरता उरल्यावर याच इंजेक्शनचा फायदा बराच कमी होतो.

आता जोर देऊन मोकळं करण्याबद्दल. तेल कोमट करून हलक्या हातानं चोळलं तर वरचे स्नायू सैलावतात, बरं वाटतं, त्यात वावगं काही नाही. तेल पिशवीपर्यंत पोचत नाही, एवढंच. पण दाहाच्या काळात कुणी हात धरून हिसका दिला तर आधीच दुरुस्तीसाठी उतावीळ झालेल्या पेशींना नवी इजा मिळते, आणि त्या आणखी विणायला बसतात. नेदरलँड्समध्ये २००४ साली ७७ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला वेदनेच्या पलीकडे नेणारा जोरदार व्यायाम दिला, दुसऱ्याला सोसेल तेवढाच. दोन वर्षांनी सौम्य गटातल्या ८९ टक्के लोकांचा खांदा जवळजवळ पूर्ववत झाला होता, जोरदार गटातल्या ६३ टक्क्यांचा. हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, त्यामुळे आकड्यांना फार ताणायला नको. तरी दिशा स्पष्ट आहे.

याचा अर्थ हात गळ्यात बांधून बसणं असाही नाही. न हललेली पिशवी अधिकच आटते. हात मोडून प्लॅस्टरमध्ये राहिला, पक्षाघात झाला, स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, की त्या बाजूचा खांदा आखडतो तो याच कारणानं. टेबलावर उजवा हात टेकून वाका, डावा हात घड्याळाच्या लंबकासारखा सैल सोडा आणि हळूहळू झुलू द्या. भिंतीवर बोटांनी मुंगीसारखं वर चढा, जिथं ताण जाणवेल तिथं क्षणभर थांबा आणि उतरा. व्यायामानंतर दुखणं थोड्या वेळात उतरलं तर मात्रा बरोबर. रात्रभर ठणकत राहिलं तर दुसऱ्या दिवशी कमी करा. हे एकदा फिजिओथेरपिस्टसमोर शिकून घ्या. मुंबईला या शास्त्राची जुनी परंपरा आहे. देशातली फिजिओथेरपीची पहिली शाळा १९५३ साली परळच्या केईएम रुग्णालयातच निघाली. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत खांद्याचं चाक, कप्पी, बोटांची शिडी हे सगळं असतं. ‘शेक घ्यायला जाते’ म्हणून नुसता शेक घेऊन परत येऊ नका. शेक ही व्यायामाची तयारी आहे.

महिनोन्‌महिने काहीच सुटलं नाही तर पुढचे उपाय आहेत. सांध्यात द्रव भरून पिशवी ताणणं, भूल देऊन हात फिरवणं, दुर्बिणीतून आखडलेली पिशवी सोडवणं. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर इंजेक्शनसह फिजिओथेरपी, भूल देऊन हात फिरवणं आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया यांची तुलना केली. २०२० साली निष्कर्ष आला, आणि वर्षाअखेरीस तिघांतलं कुठलंच इतरांपेक्षा ठळकपणे सरस ठरलं नव्हतं. चौथ्याच महिन्यात कुणी शस्त्रक्रियेची घाई केली तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या.

एक सावधगिरी. डावा खांदा आहे म्हणून सांगतो : चालताना किंवा जिना चढताना खांदा-हात दुखून छाती भरून आली, घाम फुटला, धाप लागली, तर ते खांद्याचं समजू नका, लगेच रुग्णालय गाठा. मधुमेहात हृदयाचा त्रास कधीकधी गुपचूप येतो. ताप असेल, खांदा खरोखरच लाल आणि गरम झाला असेल, तरीही थांबू नका. तो दाह जंतूंचा असू शकतो आणि त्याचे उपाय निराळे.

तुमच्या मनात येईल, दुसऱ्या खांद्यालाही होईल का? काहींना पुढच्या काही वर्षांत होतो, मधुमेहींना थोडा अधिक. पण एकदा सुटलेल्या त्याच खांद्याला पुन्हा होणं क्वचितच घडतं. बहुतेकांचा खांदा कामापुरता नीट सुटतो, काहींना शेवटच्या टोकाला थोडी ताठरता राहते. तोवर मेट्रोत उजव्या हातानं मधला खांब धरा, रात्री डाव्या हाताखाली उशी घ्या. आणि कपडे घालताना बाही आधी डाव्या, दुखऱ्या हातात चढवा, काढताना डाव्या हातातून सर्वांत शेवटी काढा.